महासाथीच्या पडझडीत खाण कंपनीचा शेअर घेण्याआधी काय तपासायचं

२० जानेवारी २०२० रोजी शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी १२,४३० पर्यंत चढला होता. २४ मार्चला तो ७,५११ ला टेकला. दोन महिन्यांत जवळपास चाळीस टक्के गेले. धातू आणि खाणीच्या बऱ्याच कंपन्या त्याहून खोल गेल्या. वेदांताचा शेअर साठ रुपयांच्या घरात आला होता. त्याच उन्हाळ्यात मुंबईहून गावी परतलेल्या कितीतरी चाकरमान्यांनी मोबाईलवर पहिलं डिमॅट खातं उघडलं आणि निम्म्यावर आलेला भाव पाहून थेट खरेदीचं बटण दाबलं. काहींचं सोनं झालं, काहींचे पैसे वर्षानुवर्षं अडकले.

खाण कंपनीचा भाव किती पडला यावरून तो स्वस्त आहे की नाही हे ठरत नाही. दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत. धातूचा भाव परत येईपर्यंत कंपनी तग धरेल का? आणि भाव परत येईल तेव्हा खाण तिच्याच ताब्यात असेल का? पुढचं सगळं या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर कशी काढायची याबद्दल आहे. लागेल फक्त कंपनीचा वार्षिक अहवाल, शेवटचे दोन तिमाही निकाल, एक कोरी वही आणि एक निवांत संध्याकाळ.

पैसा कुठला?

या कामाला तीन वर्षं हात लावावा लागणार नाही असाच पैसा वापरा. कोकणात हे वर्षाच्या चक्रावर तपासून पाहता येतं. आंबा बागायतदाराकडे एप्रिल-मेमध्ये रक्कम येते, पण त्यातूनच पावसाळ्यातली खतं, कल्टार, मोहोराच्या फवारण्या आणि राखणीचा खर्च निघायचा असतो. मच्छीमाराला १ जून ते ३१ जुलै बंदी असते; त्या काळात इंजिनाचं काम आणि जाळी, आणि हंगाम उघडला की लगेच डिझेल आणि बर्फ. मग गणपती येतातच. ही सगळी रक्कम बाजूला काढून जे उरेल तेच शेअरचं भांडवल समजा.

महासाथीत हा हिशेब आणखी कडक हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीने कमाई आधीच थांबलेली होती. बाजाराची आणि अंगणातली पडझड एकाच वर्षी येऊ शकते, आणि तेव्हा शेअर तळाच्या भावात विकावे लागतात.

सोनं गहाण टाकून शेअर घेऊ नका. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने शेतीबाह्य सोनेतारण कर्जाची मर्यादा सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवरून तात्पुरती ९० टक्क्यांवर नेली होती. अडचणीतल्या घरांसाठी ती सोय होती; खाणीच्या शेअरसाठी ते पैसे वापरणं धोक्याचं, कारण व्याज दरमहा चढतं आणि खाणीचं चक्र फिरायला कधी वर्ष लागतं, कधी चार.

एकूण शेअर गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम खाणींत नको, आणि एका कंपनीत पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा आकडा अनुभवाचा आहे, कायद्याचा नाही. पण तो मोडण्याचं कारण सापडत असेल तर ते कारण दोन दिवसांनी पुन्हा वाचून पाहा.

खाणपट्टा

कोकणातल्या वाचकाला हा धोका जगातल्या कुठल्याही गुंतवणूकदारापेक्षा लवकर समजायला हवा, म्हणून तो आधी घेतो.

खाण कंपनी जमिनीखालच्या खनिजाची मालक नसते. तिच्याकडे ठरावीक मुदतीचा खाणपट्टा असतो. कराराने घेतलेल्या आंब्याच्या बागेसारखंच हे: फळ करारदाराचं, झाडं मालकाची, आणि मुदत संपली की कुंपणाच्या बाहेर. ताळेबंदात यंत्रं, रस्ते, क्रशर सगळं कंपनीचं दिसतं; पण पट्टा गेला की त्या यंत्रांची किंमत भंगाराच्या जवळ येते.

गोव्यात काय झालं ते तारखांसह पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. त्यानंतर लिलावात डिचोलीचा पट्टा वेदांताला मिळेपर्यंत डिसेंबर २०२२ उजाडला. मधल्या काळात, मे २०२१ मध्ये, लोहखनिजाचा जागतिक भाव टनाला २३० डॉलरच्या वर गेला होता. एवढी तेजी आली, आणि गोव्यातल्या खाणी तेव्हा बंद होत्या. भाव परत आला, खाण परत आली नाही. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा का, ते यातून कळतं.

सरकारी कंपनी असली म्हणजे पट्टा पक्का, हेही खरं नाही. लोहखनिज काढणाऱ्या एनएमडीसीची कर्नाटकातली दोणिमलै खाण राज्य सरकारने ८० टक्के अधिमूल्य (रॉयल्टीशिवाय सरकारला द्यायचा किमतीतला जादा हिस्सा) मागितल्यावर नोव्हेंबर २०१८ पासून बंद होती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली. म्हणजे मार्च २०२० च्या पडझडीत एनएमडीसी घेणारा माणूस एक मोठी खाण बंद असलेली कंपनी घेत होता, आणि ते त्याला ठाऊक असायला हवं होतं. छत्तीसगडातल्या बैलाडिलाच्या खाणी चालू होत्या, म्हणून कंपनी तगली.

वहीत प्रत्येक खाणीसाठी एक ओळ करा. रकाने असे: खाणीचं नाव, खनिज, पट्टा संपण्याची तारीख, पर्यावरण मंजुरीत दिलेली वार्षिक मर्यादा, गेल्या वर्षीचं उत्पादन, पट्टा लिलावातला की जुना. पट्ट्याची माहिती वार्षिक अहवालात किंवा शेअर विक्रीच्या जुन्या माहितीपत्रकात मिळते. मंजुरीची मर्यादा पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर. एखाद्या कंपनीचं सत्तर टक्के उत्पादन एकाच खाणीतून येत असेल तर त्या ओळीखाली दोन रेघा ओढा. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनुसार खुल्या विक्रीसाठीच्या बऱ्याच जुन्या पट्ट्यांची मुदत ३१ मार्च २०२० ला संपली, नेमकी पहिल्या टाळेबंदीच्या आठवड्यात. स्वतःच्या कारखान्यासाठी खनिज काढणाऱ्या जुन्या पट्ट्यांसाठी ३१ मार्च २०३० ही तारीख आहे. ती आता दूर राहिलेली नाही.

लिलावातला पट्टा असेल तर बोलीची टक्केवारी शोधाच. जुन्या पट्ट्यावर लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के, त्या रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज निधी आणि, २०२५ च्या कायदा दुरुस्तीने तो ३ टक्के होण्याआधी, २ टक्के खनिज शोध निधी. त्या जुन्या दराने सगळं मिळून किमतीच्या १९.८ टक्के. लिलावातल्या पट्ट्यावर जिल्हा निधी रॉयल्टीच्या १० टक्केच, म्हणून हीच बेरीज त्याच जुन्या दराने १६.८ टक्के होते. पण तिच्यावर बोलीचं अधिमूल्य चढतं. २०२० च्या सुरुवातीला ओडिशातल्या लिलावांत काही खाणींच्या बोली शंभर टक्क्यांच्याही वर गेल्या. म्हणजे टनाला सरासरी किंमत ३,००० रुपये धरली तर सरकारलाच त्याहून जास्त द्यायचे. असं खनिज विकून नफा होत नाही. ज्याचा स्वतःचा पोलाद कारखाना आहे आणि ज्याला खनिज कुठल्याही किमतीत हवंच आहे, त्यालाच ते परवडतं. नागपूरचं भारतीय खाण ब्युरो राज्यवार आणि प्रतवार सरासरी विक्री किंमत दर महिन्याला जाहीर करतं. हा आकडा फुकट मिळतो आणि फार थोडे लोक तो पाहतात.

अहवालाच्या टिपांमधलं ‘आकस्मिक देणी’ (अजून वादात असलेली, पण अंगावर येऊ शकणारी देणी) हे प्रकरण शेवटपर्यंत वाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये ओडिशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करायला सांगितली. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि ऑगस्टमध्ये १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी बारा वर्षांच्या हप्त्यांत वसूल करण्याची मुभा दिली. अशा देण्यांचा आकडा कंपनीच्या दोन वर्षांच्या नफ्याहून मोठा असेल तर शेअर कितीही पडलेला असो, पुढची पानं उलटण्याची गरज नाही.

आणि एक स्थानिक सापळा. रेडी, कळणे, तिरोडा किंवा डिचोलीची खाण सुरू होणार अशी बातमी आली की या भागात खाणीच्या शेअरची चर्चा सुरू होते. गोवा-सिंधुदुर्गातले बरेच खाणमालक खासगी आहेत, त्यांची शेअर बाजारात नोंदच नाही. २०१३ मध्ये स्टरलाइट सेसा गोवामध्ये मिसळली आणि ती कंपनी पुढे वेदांता झाली; तिच्या उत्पन्नात गोव्याच्या लोहखनिजाचा वाटा जस्त, ॲल्युमिनियम आणि तेलापुढे लहान राहिला. ट्रक पुन्हा धावू लागले याचा आनंद खरा आहे, कारण त्यावर घरं चालतात. पण बाजारात मिळणारा शेअर बहुधा छत्तीसगड, राजस्थान, ओडिशा नाहीतर झारखंडातल्या खाणींचा असतो.

कंपनी किती महिने तग धरेल?

एकही टन विकला नाही तरी कंपनी किती महिने चालेल, हे काढा. रोकड, बँकेतल्या ठेवी आणि अल्पमुदतीच्या फंडांतली रक्कम यांची बेरीज करा. त्यातून अडकलेला पैसा वजा करा: कोळसा कंपन्यांचा खाण बंद करण्यासाठी राखलेला निधी, न्यायालयात भरलेली अनामत, कर्जासाठी तारण ठेवलेल्या ठेवी. हे ‘इतर बँक शिल्लक’ या टिपेत असतं. मग पुढच्या बारा महिन्यांत फेडायचं कर्ज वजा करा. उरलेल्या रकमेला न टळणाऱ्या मासिक खर्चाने भागा: पगार, व्याज, सुरक्षा, देखभाल आणि पाणी उपसा.

पाणी उपसा विसरू नका. खोल खाणीतले पंप बंद पडले की पाणी भरतं, आणि पावसाळ्यात खाण डोळ्यांदेखत तळं होते. टाळेबंदीत विक्री शून्यावर आली तरी हे बिल येतच राहतं.

समजा, मोकळी रोकड २,४०० कोटी, वर्षभरातली कर्जफेड ९०० कोटी आणि मासिक खर्च १६० कोटी. म्हणजे १,५०० भागिले १६०, साधारण नऊ महिने. बारा महिन्यांच्या वर असेल तर निश्चिंत पुढे जा. सहाच्या खाली असेल तर ती कंपनी एकतर महाग कर्ज घेईल किंवा पडलेल्या भावात नवे शेअर काढेल, आणि दोन्हीत जुन्या भागधारकाचं नुकसान आहे. मधल्या पट्टीत असेल तर बँकांची न वापरलेली कर्जमर्यादा किती आहे ते पतमानांकन संस्थेच्या टिपणात शोधा.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, स्वतंत्र निकाल पाहणं. कोल इंडियाचं खाणकाम नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्ससारख्या उपकंपन्यांत चालतं. मूळ कंपनीच्या स्वतंत्र आकड्यांत त्याचं चित्र दिसत नाही. नेहमी एकत्रित निकाल घ्या. दुसरी, जून आणि डिसेंबर तिमाहीत ताळेबंद शोधत बसणं. तो सहसा सप्टेंबर आणि मार्चच्याच निकालांसोबत येतो, म्हणून हातातला रोकडीचा आकडा किती जुना आहे याची तारीख वहीत लिहा. २०२० मध्ये तर बाजार नियामक सेबीने मार्च तिमाहीच्या निकालांची मुदतच वाढवून दिली होती, त्यामुळे बरेच आकडे शिळे होऊन हाती आले. तिसरी चूक येणी न पाहण्याची. कोळसा गेला, विक्री नोंदली गेली, नफा दिसला. पण वीज कंपन्यांनी पैसेच दिले नाहीत तर तो नफा कागदावरचा. विक्री घटत असताना येणी वाढत असतील तर रोकडीच्या हिशेबातून दोन महिने कमी करा.

भावाचा फटका नफ्याला किती बसतो?

प्रत्येक धातू वेगळा तपासा. मार्च २०२० मध्ये तांबं लंडनच्या बाजारात टनाला ४,४०० डॉलरच्या आसपास उतरलं आणि मे २०२१ मध्ये दहा हजारांच्या वर गेलं. लोहखनिज मात्र ऐंशी डॉलरच्या आसपासच टिकलं, कारण ब्राझीलचा पुरवठाही कमी झाला होता आणि चीनचे पोलाद कारखाने लवकर सुरू झाले. महासाथीत मागणी आटते तशा खाणीही बंद पडतात. कुठली बाजू जास्त आटली यावर भाव ठरतो, आणि ते प्रत्येक धातूचं निराळं असतं.

तांबं, जस्त, ॲल्युमिनियमचा देशातला भाव लंडनचा भाव आणि डॉलरचा दर यांवर चालतो. पडझडीत रुपयाही घसरतो. २०२० मध्ये डॉलर जानेवारीतल्या ७१ रुपयांवरून एप्रिलपर्यंत ७६ च्या पुढे गेला. धातू डॉलरमध्ये २० टक्के पडला आणि डॉलर ७ टक्के महागला तर कंपनीच्या हातातली किंमत साधारण १४ टक्केच कमी होते. लोहखनिजासाठी एनएमडीसी ढेप आणि चुऱ्याचे दर जाहीर करते आणि शेअर बाजाराला कळवते. २०२० च्या उन्हाळ्यापासून वर्षभरात हे दर तिपटीच्या पुढे गेले. कोळशात वीज कंपन्यांना करारातल्या दराने जाणारा माल आणि ई-लिलावातला माल असे दोन भाव असतात. करारातला दर मंदीत सहसा हलत नाही, लिलावातला लगेच पडतो.

आता नफ्याचं गणित. समजा, लोहखनिज टनाला ३,००० रुपयांना जातं. रॉयल्टी आणि निधी वरच्या जुन्या दराने १९.८ टक्के, म्हणजे ५९४ रुपये. खोदाई, वाहतूक, पगार मिळून १,००० रुपये, त्यातले ६०० स्थिर. टनामागे उरले १,४०६ रुपये. भाव २५ टक्के पडून २,२५० झाला, तर रॉयल्टी ४४५ होते, खर्च तोच, उरतात ८०५. भाव पाव भागाने पडला, नफा ४३ टक्के पडला. आणि त्याच वेळी टाळेबंदीने विक्री ३० टक्के घटली, तर ६०० चा स्थिर खर्च कमी टनांवर पसरून टनामागे ८५७ होतो. टनामागे उरतात ५४७ रुपये, आणि एकूण नफा मूळच्या फक्त २७ टक्के. तोट्यात न जाताही तीन चतुर्थांश नफा असा जातो. आपल्या कंपनीचे आकडे घालून हेच गणित तीन भावांवर करा: आजचा, आजच्यापेक्षा २० टक्के कमी आणि गेल्या सात वर्षांचा सरासरी. मधल्या ओळीतही कंपनी तोट्यात जात नसेल तर ती कमी खर्चाची उत्पादक आहे. अशाच कंपन्या मंदीतून उठतात.

तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. जुलै-सप्टेंबरमध्ये उघड्या खाणींचं उत्पादन पावसाने घटतंच. गोव्याचा हंगामच ऑक्टोबर ते मेचा. एप्रिल-जूनशी तुलना केली तर महासाथीचा परिणाम कुठला आणि पावसाचा कुठला हे कळणार नाही.

सोन्याबद्दल एवढंच: ऑगस्ट २०२० मध्ये सोनं औंसाला दोन हजार डॉलरच्या वर गेलं तेव्हा भारतात ‘सोन्याच्या खाणीचा’ शेअर शोधणारे बरेच होते. कोलार २००१ मध्ये बंद झालं, हट्टी कर्नाटक सरकारची आहे आणि बाजारात नाही. मौल्यवान धातू हवाच असेल तर चांदी पाहा, जी हिंदुस्तान झिंकला जस्त-शिशासोबत मिळते.

स्वस्त दिसण्याचे दोन फसवे आकडे

खाणीच्या शेअरचा पीई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा) भरभराटीच्या टोकाला सर्वांत कमी दिसतो, कारण भागाकारातला नफा फुगलेला असतो. मंदीच्या तळाशी तो तीस-चाळीस दिसतो किंवा निघतच नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या नफ्यावरचा पीई बाजूला ठेवा. सात ते दहा वर्षांच्या सरासरी नफ्याने आजचं बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज या बेरजेला भागा. सरासरीत एक तरी वाईट काळ यायला हवा. धातूंसाठी २०१५-१६ घेतलंच पाहिजे.

दुसरा आकडा लाभांशाचा. शेअर १३० रुपये, गेल्या वर्षीचा लाभांश १२ रुपये, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर परतावा, असं गणित कोल इंडियावर २०२० मध्ये सर्रास मांडलं गेलं. लाभांश गेल्या वर्षीचा आणि भाव आजचा, ही जोडी जुळत नाही. रोकडीच्या परीक्षेनंतर जे उरेल त्यातून पुढच्या वर्षी किती देता येईल ते पाहा. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून करपात्र आहे. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेत असेल तर कर कापला जाऊ नये म्हणून त्यासाठीचं स्वयंघोषणापत्र भरून द्यावं.

प्रवर्तक पडझडीत काय करतात?

मे २०२० मध्ये वेदांताच्या प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकांनी, कंपनी बाजारातून काढून घेण्यासाठी शेअरला ८७.५० रुपये देऊ केले. पडलेल्या भावाच्या तुलनेत हा आकडा बरा दिसत होता. अशा प्रस्तावात भागधारक आपली किंमत स्वतः टाकतात आणि प्रवर्तकांचा हिस्सा ९० टक्क्यांपर्यंत पोचला तरच तो यशस्वी होतो. पुरेसे शेअर आले नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव फसला. वर्षभरात भाव त्याच्या कितीतरी वर गेला. असं पत्र आलं तर वरच्या सरासरी-नफ्याच्या गणिताने किंमत काढा आणि तीच बोली टाका, किंवा टाकूच नका. घाबरून दिलेल्या भावाला शेअर सोडू नका.

दर तिमाही संपल्यावर एकवीस दिवसांत भागधारणेचा तक्ता बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. त्यात प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत ते पाहा. निम्म्याहून जास्त असतील तर भाव पडताच सावकार ते विकायला काढतात आणि लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची कमाल मर्यादा) लागतं. मूळ कंपनी कर्जात असेल तर उपकंपनीतून लाभांशाच्या रूपाने रोकड वर ओढली जाते. मे २०२० मध्ये हिंदुस्तान झिंकने शेअरमागे १६.५० रुपये अंतरिम लाभांश दिला, एकूण सुमारे ७,००० कोटी, आणि त्यातला जवळपास ६५ टक्के वाटा वेदांताकडे गेला. भागधारकाला पैसे मिळाले हे खरंच, पण त्यानंतर रोकडीची परीक्षा नव्याने करायला हवी.

खरेदी

रक्कम चार हप्त्यांत विभागा. लाख रुपये असतील तर २५,००० चे चार. हप्ता भाव पडला म्हणून टाकायचा नाही, कंपनी परीक्षेत उतरली म्हणून टाकायचा. पट्टा आणि रोकड या दोन्हींत कंपनी उत्तीर्ण झाली की पहिला. टाळेबंदीनंतरच्या पहिल्या तिमाहीत रोकड अपेक्षेपेक्षा वेगाने आटली नाही की दुसरा. उत्पादन गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या ९० टक्क्यांपर्यंत आलं की तिसरा. चौथा राखून ठेवा. पट्ट्याबद्दलची किंवा कर्जाबद्दलची शंका फिटली तरच वापरा.

या पद्धतीत पुढचे हप्ते महाग पडू शकतात. जून २०२० अखेर निफ्टी १०,३०० च्या आसपास परतला होता, म्हणजे दुसऱ्या हप्त्याची वाट पाहणाऱ्याने तळ गाठला नाही. ही किंमत मोजायला तयार राहा. बुडणाऱ्या कंपनीत चारही हप्ते गेल्यापेक्षा ती कमी आहे.

नेहमी मर्यादा भाव, म्हणजे जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, टाकून खरेदी करा. १३ आणि २३ मार्च २०२० ला बाजार दहा टक्के पडून ४५ मिनिटं बंद राहिला होता. अशा वेळी बाजारभावाने टाकलेली ऑर्डर कुठे लागेल सांगता येत नाही. छोट्या खाण कंपन्यांना पाच टक्क्यांचं सर्किट असेल तर सलग काही दिवस विकताच येत नाही, म्हणून रोजची उलाढाल आपल्या रकमेच्या किमान शंभर पट आहे का ते आधी पाहा.

वीज आणि नेटवर्कची सोय लावा. वादळानंतर कोकणात काही भागांत हे दिवसेंदिवस नसतं. दलालाच्या सर्व्हरवर राहणारी ट्रिगर ऑर्डर (ठरलेला भाव आला की आपोआप लागणारी) टाकून ठेवली तर फोन बंद असला तरी ती चालते. विक्रीसाठी मर्यादा भाव ट्रिगरपेक्षा दोन-तीन टक्के खाली ठेवा, नाहीतर भाव उडी मारून खाली गेला की ऑर्डर तशीच राहते. आणि डिमॅटला नामनिर्देशन आजच करा, खातं कुठे आहे हे घरात एकाला सांगा. महासाथीत हे पुढे ढकलायचं काम नाही.

विक्री

खाणीचा शेअर पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचा नसतो. घेतानाच वहीत विक्रीच्या तीन खुणा लिहा आणि प्रत्येक खुणेला एक तृतीयांश हिस्सा विका. पहिली: धातूचा भाव दहा वर्षांच्या सरासरीच्या दीडपट झाला. दुसरी: पीई चार-पाचवर आला आणि कंपनीने मोठ्या विस्ताराची किंवा दुसऱ्या कंपनीच्या खरेदीची घोषणा केली. तिसरी: सरकारचं लक्ष गेलं. भाव फार चढले की निर्यात शुल्क, जादा अधिमूल्य, नवा कर यांपैकी काहीतरी येतं. २१ मे २०२२ ला, शनिवारी, लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्के आणि पोलादावरही नवं शुल्क जाहीर झालं. सोमवारी बाजार उघडताच पोलाद आणि लोहखनिजाचे शेअर कोसळले. शुल्क नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं गेलं, पण त्या सोमवारी विकायला गेलेल्याला शुक्रवारचा भाव मिळाला नाही. म्हणून तिसरी खूण अधिसूचनेची वाट पाहून ओळखायची नाही. पोलाद महाग झाल्याची तक्रार बांधकाम आणि वाहन उद्योगांकडून दिल्लीपर्यंत गेल्याच्या बातम्या सलग येऊ लागल्या की उरलेला हिस्सा विकायला काढा. वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस राहिले असतील तर एकदा कराचा हिशेब करा: जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, नंतर विकल्यास सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. लोहखनिज मे २०२१ च्या शिखरावरून सप्टेंबरमध्ये शंभर डॉलरखाली आलं होतं, त्यामुळे कर वाचवण्यासाठी दोन आठवडे थांबणं ठीक आहे, चार महिने नाही.